भात्याचा निरोप

"बोलला! मेलेला माणूस बोलला!"

लोहाराच्या बंद पडलेल्या भट्टीपुढे माणसांवर माणसं चढली होती. आत जमिनीवर गाडीवान आडवा पडलेला, त्याच्या तोंडात भात्याची लोखंडी नळी, आणि भात्याच्या मुठीला लोंबकळणारा भाताबाबा. हा गृहस्थ पूर्वी याच भट्टीत भाता ओढायचा. लोखंड तापवून पोट भरेना, तेव्हा त्याने माणसं धरली.

"मी जीव देत नाही रे!" बाबा गरजला. "जीव द्यायला मी काय दुकान मांडलंय? मी शब्द देतो! गेलेल्याला दारातून मागे वळवतो, निरोप घ्यायला!"

गाडीवानाचं पोट टम्म फुगलं. बाबाने त्यावर गुडघा रोवला, तसा गाडीवानाच्या घशातून एक लांब, ओला आवाज निघाला.

"ऐकलंत? 'सांभाळ' म्हणाला!"

गाडीवानाच्या बायकोने बाबाच्या पायांवर लोळण घेतली. मी मागून ओरडले, "अहो, हवा आहे ती! त्याच्या मानेला हात तरी लावा!" शेजारच्या भल्या माणसाने कोपर मारून माझा ओठ फोडला. देवाच्या कामात मध्ये बोलू नये म्हणे.

मी बोलणारच होते. श्वास हे माझं रोजचं काम आहे. भट्टीच्या मागल्या गल्लीत आमचं वर्कशॉप आहे, तिथे मी श्वासपिशवी बनवते. ज्याचा श्वास थांबला त्याच्या नाकातोंडावर मास्क बसवायचा आणि मागची रबरी पिशवी हाताने दाबायची, एवढंच तिचं काम. पण समोर माणूस काळानिळा पडला की दाबणाऱ्याचं डोकं ठिकाणावर राहत नाही. तो जीव खाऊन पिशवी पिळतो. मग हवा फुप्फुसांऐवजी पोटात शिरते, नाहीतर फुप्फुसच फाटतं. म्हणून मी पिशवीला एक झडप बसवली. जास्त जोर लागला की झडप उघडते, जादा हवा बाहेर जाते आणि शिट्टी वाजते. सगळे मला हसायचे. "बाई, माणूस मरतोय आणि तुमची शिट्टी वाजतेय!"

त्याच आठवड्यात भरदुपारी निरोप आला. माझी थोरली बहीण रंगाच्या कारखान्यात कामाला. टाकी धुवायला आत उतरली, तिला वाफ चढली आणि ती तळाशी कोसळली. दोर बांधून तिला वर काढलं. आणि नेलं कुठे? दवाखान्यात? छे! भट्टीवर.

मी पिशवी घेऊन धावत सुटले. पोहोचले तेव्हा ताईचं पोट फुगलेलं होतं, तोंडात तीच नळी, आणि बाबा पोटावर गुडघा रोवत होता. ताईच्या घशातून आवाज आला.

"'येते' म्हणाली!" बाबाने जाहीर केलं. "निघाली. आता कुणी हात लावू नका."

लोकांनी हात जोडले. ताईचा नवरा भिंतीशी हमसून रडत होता. मी नळी उपटून फेकली आणि ताईच्या मानेवर बोटं दाबली. नाडी मंद लागत होती, पण लागत होती! मेली नव्हती माझी ताई. हे लोक तिला जिवंतपणी निरोप देऊन मोकळे झाले होते.

"दाजी, ती जिवंत आहे!"

दाजींनी खाडकन माझ्या मुस्कटात मारली. "तिला शांतपणे जाऊ दे! तिने निरोप घेतलाय!"

बाबाच्या माणसाने केस धरून मला फरफटत मागे ओढलं. बरगडीत लाथ बसली, आणखी एक तोंडावर. दात तुटून जिभेवर आला. मी तो थुंकले आणि त्या माणसाच्या मनगटाचा असा लचका तोडला की त्याने बोंब ठोकली. तशीच रांगत मी दाजींपाशी गेले, त्यांचा हात धरला आणि त्यांची बोटं ताईच्या मानेवर रोवली.

"मेलेल्याची नाडी लागते का हो? लागते का? सांगा!"

दाजींचं रडणं थांबलं. त्यांनी एकवार बाबाकडे पाहिलं. मग उठले, भट्टीतला घण उचलला आणि माझ्यापुढे उभे राहिले. "पुढे पाऊल टाकलं तर टाळकं फोडीन," ते म्हणाले. पहिला जो आला त्याच्या खांद्याचं हाड मोडल्याचं मी कानांनी ऐकलं. दुसरा आला नाही.

मी ताईचं डोकं मागे केलं, मास्क लावला आणि पिशवी पिळली. शिट्टी वाजली. पुन्हा पिळली, पुन्हा शिट्टी. मी, जिने ती झडप बनवली, तीच जीव खाऊन दाबत होते! शिट्टीने मला भानावर आणलं. ताईला कुशीवर वळवलं. पोटातली हवा आणि हिरवं पाणी भळभळा बाहेर आलं. तोंड पुसलं, हनुवटी वर उचलली आणि हलक्या हाताने दाबलं. छाती उठली. सोडलं, बसली. पुन्हा उठली. कुणीतरी बोलावलेली रुग्णवाहिका येईपर्यंत मी दुसरीकडे पाहिलंच नाही. ताई खोकली तेव्हा मी अशी काही रडले की मास्क धरायला दाजींना बसावं लागलं.

ताई घरी आल्यावर मी वर्कशॉपमधला, पिशवी दाबण्याच्या सरावाचा पुतळा उचलून भट्टीवर नेला. बाबाचं दुकान सुरूच होतं, मात्र आता त्याच्यापाशी लाठ्या घेतलेली माणसं होती. दाजी आणि कारखान्याचे कामगार माझ्याबरोबर आले.

"हा रबराचा आहे," मी गर्दीला म्हणाले. "आई नाही, बाप नाही, जीव तर नाहीच. बघा."

भात्याची नळी त्याच्या तोंडात घातली, भाता ओढला, पोट दाबलं. पुतळा कण्हला. अगदी तसाच लांब, ओला आवाज.

"काय म्हणाला, बाबा? निरोप दिला का याने?" मी विचारलं. "हवा आत कोंबली की ती बाहेर येणारच, आणि घशातून येताना वाजणारच!" मग नळी खोल सारून जोरात भाता मारला. आत फाटकन आवाज झाला. पुतळा उघडून मी फुटलेलं रबरी फुप्फुस सगळ्यांना दाखवलं.

कुणी हसलं नाही. गाडीवानाची बायको पुढे आली.

"मग त्या दिवशी आमचे हे... जिवंत होते का गं?"

'नव्हते' असं खोटं बोलायला मला काय झालं होतं! पण बोलवेना. "माहीत नाही, मावशी. कुणी मानेला हातच लावला नाही."

बाबा मागच्या दाराकडे सरकला. तेवढं निमित्त झालं. लाठीवाले पळाले आणि परवापर्यंत पाया पडणारी माणसं बाबावर तुटून पडली. दगड, चपला, लाथा. त्याचं नाक फुटलं. दाजींनी त्याला उताणं पाडलं आणि नळी दातांतून आत ठोकली. "बोल! दे निरोप!" कुणीतरी भाता मारला, परत मारला. बाबाने पाय झाडले, मग ते थांबले.

मी दाजींना ढकललं. ते हटेनात, तेव्हा पुतळ्याचाच हात उपटून त्यांच्या तोंडावर मारला. "काल त्याचं ऐकून भाता मारू दिलात, आज रागाच्या भरात मारताय! डोकं कधी वापरणार?"

बाबाच्या रक्ताळलेल्या तोंडावर मी मास्क बसवला. "मरू दे त्याला!" लोक ओरडले. मीही रागाने पिशवी पिळली, शिट्टी वाजली. मी हात सैल केला.

"ऐका," मी दाबता दाबता म्हणाले. "माणूस पडला की मानेला बोट लावा. छाती उठतेय का, डोळ्यांनी बघा. रुग्णवाहिका बोलवा. बाबा सांगेल ते नाही, आणि मी सांगते म्हणूनही नाही. स्वतः हात लावून बघा!"

मग गाडीवानाची बायको खाली बसली. तिने बाबाच्या मानेवर बोटं ठेवली, चुकली, सरकवली, पुन्हा ठेवली.

"लागतेय," ती म्हणाली आणि हुंदके देऊन रडू लागली. पण बोटं तिने काढली नाहीत.