भिंगरी हजर आहे

तिसरीच्या बाईंना नोकरी लावून दिली होती ती त्यांच्या नणंदेने. नणंद म्हणजे शाळेच्या मोठ्या बाई. घरी काय आणि शाळेत काय, शेवटचा शब्द त्यांचाच.

वाचन आणि गणिताची चाचणी उद्यावर आली होती. सगळ्या शाळांना एकच प्रश्नपत्रिका, घेणारे बाहेरचे. गेल्या खेपेला शाळा पार तळाला गेली होती. पुन्हा तसंच झालं तर चौथीचा वर्ग हमरस्त्यापलीकडच्या शाळेत हलवणार, असं वरून बजावलं होतं. त्या रस्त्यावर मालट्रक दिवसभर सुसाट पळत.

शाळा सुटल्यावर मोठ्या बाईंनी वर्गाचं दार लोटून घेतलं.

"भिंगरीच्या आईला फोन कर. म्हणावं, उद्या पोरीला घरीच ठेवा."

"का?"

"का म्हणजे? एक ओळ वाचताना तिची दमछाक होते. ती सगळ्या वर्गाला घेऊन बुडेल. गैरहजर मुलं मोजत नाहीत."

एका जागी ठरत नाही म्हणून पोरीला ते नाव पडलेलं. तोंडी हिशेब विचारला की फटकन उत्तर देई; पण छापील पान समोर आलं की 'ब'चा 'व' होई, ओळ हातची सुटे, आणि ती बाकाखाली काहीतरी शोधायला लागे.

"पण तिच्या आईला कारण काय सांगू?"

"काहीही सांग. सुंठीवाचून खोकला जात असेल तर कुणाला नकोय?"

घरी बाईंनी फोन उचलला, ठेवला, पुन्हा उचलला. नवरा म्हणाला, "ताई सांगते ते कर ना. ती काय स्वतःसाठी करते?"

ते खरं होतं, म्हणून तर नाही म्हणणं अवघड होतं. फोन काही त्यांच्याच्यानं झाला नाही.

सकाळी भिंगरी फाटकातूनच ओरडली, "बाई, मी पेन्सिलला दोन्हीकडून टोक केलंय!" मोठ्या बाई तिथेच उभ्या होत्या. त्यांनी आधी पोरीकडे पाहिलं, मग भावजयीकडे.

घंटा झाली. चाचणी घ्यायला आलेल्या साहेबांनी प्रश्नपत्रिकांचं मोहोरबंद पाकीट टेबलावर ठेवलं आणि वर्गावर नजर फिरवली. मधल्या बाकावर भिंगरीचं नुसतंच दप्तर होतं.

"इथे कोण? गैरहजर लिहू?"

'हो' म्हटलं की झालं.

"नाही. ती शाळेतच आहे. आणते."

"एकदा पाकीट फोडलं की कुणाला आत घेता येत नाही."

"मग फोडू नका."

साहेबांनी भुवया उंचावल्या. "लवकर या."

मोठ्या बाईंच्या खोलीत भिंगरी तोंडात थर्मामीटर धरून खुर्चीवर बसली होती, पहिल्यांदाच अगदी निश्चल.

"तिचं अंग कोमट लागतंय," मोठ्या बाई म्हणाल्या.

"चल भिंगरी."

"थांब! उद्या त्या रस्त्यावर एखादं पोर चाकाखाली आलं, तर त्याच्या आईला तू सांगणार आहेस?"

बाईंच्या डोळ्यांपुढे तो रस्ता आला. "नाही सांगता येणार मला. पण हिला असं लपवून ठेवणंही नाही जमत, ताई."

भिंगरीने थर्मामीटर काढून हातात घेतला. "मी गेले नाही तर आपली शाळा वाचेल का? मग मी बसते इथेच."

मोठ्या बाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्यांनी पोरीच्या हातातला थर्मामीटर घेतला आणि न बघताच म्हणाल्या, "ताप नाहीये. जा, पळ."

गणित झाल्यावर एकेका मुलाने साहेबांसमोर मोठ्याने वाचायचं होतं. भिंगरीची पाळी आली तेव्हा बाई दाराबाहेर उभ्या होत्या. मदत करायला बंदी होती. पोरगी ओळीखाली बोट ठेवून वाचू लागली. एका शब्दापाशी अडली. मागे गेली, पुन्हा तिथेच अडली. साहेबांनी घड्याळाकडे पाहिलं. पण या वेळी भिंगरी बाकाखाली वाकली नाही. तिसऱ्यांदा तो शब्द तिने कसाबसा ओढून काढला आणि वेळ संपली.

"अजून आहे की! त्या माकडाचं पुढे काय झालं?" भिंगरीने उताऱ्यावरचं बोट न उचलता विचारलं.

"बाईंना विचार हं," साहेब म्हणाले. ते हसले नाहीत, पण आवाज मऊ झाला होता.

निकाल लागला. गणित वर सरकलं होतं, वाचन मात्र आणखी खाली. चौथीचा वर्ग पलीकडे हलवण्याचा हुकूम आला. वाचनात अडखळणाऱ्या मुलांना वेगळं शिकवणाऱ्या शिक्षिका त्या शाळेत होत्या, आणि निकाल बघून त्यांनी भिंगरीला स्वतःहून आपल्या गटात घेतलं. गैरहजर राहिली असती तर तिचं नावही त्यांना कळलं नसतं. पण घरी नणंद-भावजयीत बोलणंच खुंटलं होतं, तेव्हा हे सांगणार कुणाला?

शाळेच्या नव्या वर्षाच्या पहिल्या सकाळी बाई चौथीच्या मुलांना सोडायला हमरस्त्यावर गेल्या, तर मोठ्या बाई आधीच रस्त्याच्या मधोमध उभ्या, दोन्ही हात पसरून. एक ट्रक करकचून थांबला. ड्रायव्हरने शिवी हासडली. त्यांनी तिकडे पाहिलंही नाही.

"बघत काय उभी राहिलीस?" त्या भावजयीवर खेकसल्या. "त्या बाजूच्या गाड्या अडव! मला काय चार हात आहेत?"

बाई धावत गेल्या आणि पलीकडच्या गाड्यांसमोर हात करून उभ्या राहिल्या. मुलं एकमेकांचे हात धरून निघाली. भिंगरी सगळ्यांच्या पुढे होती.