मधल्या खोलीतला काळा डबा

मित्रांनो, टेबलाखाली पाय लांब केल्यावर तुमच्या अंगठ्याला कधी कधी गार पत्रा लागतो ना? तो मी. लोक मला संगणक म्हणतात, पण खरं सांगायचं तर मी संगणकाचा नुसता डबा. विचार करणारे सगळे भाग माझ्या पोटात असतात. ते भाग दोनदा बदलले. मी मात्र तोच राहिलो, जाड काळ्या पत्र्याचा आणि उचलताना माणसाला कण्हायला लावणारा.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला आठवत नाही. आठवणी सुरू होतात त्या बेळगावच्या उद्यमबागेतल्या एका फौंड्रीपासून. तिथं लोखंड वितळवून साच्यात ओतत आणि पंपांचे भाग बनवत. ऑफिसात मी हिशेबनिसाच्या पायाशी असे. काळी बारीक वाळू उडून माझ्या पंख्यात बसे आणि मी गिरणीसारखा घरघरत असे. तिथं त्याचं कुणाला काही वाटत नसे, कारण भिंतीपलीकडं हातोड्यांचा आवाज माझ्याहून मोठा होता. पुढं नवे चपटे संगणक आले. मला अडगळीच्या खोलीत ठेवलं. माझ्यावर फुटक्या हेल्मेटांची चळत चढली आणि मी बराच काळ तसाच पडून राहिलो.

एके दिवशी ती खोली रिकामी करायला काढली, तेव्हा श्रद्धा नावाच्या मुलीनं मला पाहिलं. ती त्याच फौंड्रीत काम करायची. लोखंड ओतण्याआधी ते साच्यात कसं वाहील, कुठं आधी गार होईल, कुठं पोकळी राहून जाईल, हे ती संगणकावर काढून दाखवायची. तिनं माझ्यावर बोटानं टिचकी मारली. आवाज आला तो ठक्क, भरीव.

"साहेब, हा डबा मी नेऊ का?" तिनं विचारलं.

"ने की. भंगारातच जायचा हाय," साहेब म्हणाले. "पण करणार काय त्याचं?"

श्रद्धाचं घर निपाणीजवळच्या बोरगावात. ती बेळगावात खोली घेऊन राहायची. तिचे वडील, भूपाल आप्पा, निपाणीच्या तंबाखूच्या वखारीत वजनं पुकारायचे. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडं ऐकू जाई म्हणे. त्या वर्षी त्यांची मोटारसायकल घसरली आणि डोक्याला मार बसला. जखम भरली, पण आवाज आणि झगमगता उजेड त्यांना सोसेना. कुकरची शिट्टी झाली की ते दोन्ही हातांनी कान दाबून बसत. एकटी आई किती बघणार? म्हणून श्रद्धानं घरून काम करायची परवानगी मागितली होती. साहेबांनी ती दिली, पण उन्हाळा संपेपर्यंतच. काम वेळेवर झालं नाही, तर तिला बेळगावला परत यावं लागणार होतं.

तिच्या कामाला ताकदवान संगणक हवा होता, आणि ताकदवान संगणक तापतो. तो गार ठेवायला पंखे लागतात. आणि पंखे म्हटले की आवाज आलाच. बाजारातले नवे डबे काचेचे होते आणि त्यांच्यात रंगीत दिवे लुकलुकत. ते आप्पांना चालले नसते. माझा जाड पत्रा थरथरत नव्हता आणि माझ्यात एकही दिवा नव्हता. माझ्या साधेपणाचं कौतुक तेव्हा पहिल्यांदा झालं.

शहापुरात साईराज नावाच्या तिच्या वर्गमित्राचं संगणकाचं दुकान होतं. त्यानं माझ्या पोटातले जुने भाग काढले, मला धुतलं आणि पुसलं. मग पत्रा कापायचं यंत्र घेऊन माझ्या तोंडाला मोठं भोक पाडलं. मित्रांनो, मी घाबरलो होतो. पण त्या भोकाला त्यानं बारीक जाळी लावली आणि आतून पहिल्यांदाच मोकळी हवा फिरली. लहान, जोरात फिरणारे पंखे काढून त्यानं मोठे, सावकाश फिरणारे पंखे बसवले. फिरती तबकडी असलेली जुनी डिस्कही गेली आणि नवे ताकदवान भाग आले. ज्या भागावर सगळ्या आकडेमोडीचा भार असतो, त्याच्यावर धातूच्या पातळ पट्ट्यांचा वीतभर उंच मनोरा चढला. माझ्या तळाला हवाई चपलांचे रबरी तुकडे चिकटवले.

आता आवाज तपासायचा होता, पण समोरच्या घरात यंत्रमाग चालू होते. खटखट खटखट. आमचं काही ऐकूच येईना.

"माग थांबल्याबिगर काय कळत न्हाई," साईराज म्हणाला. "करंट गेला की थांबत्यात."

"करंट गेला तर हाच बंद पडंल की रं."

"माझ्याकडं इन्व्हर्टर हाय. बस जरा, चहा सांगतो."

दुपारी वीज गेली. गल्लीतले माग एकेक करून थांबले. दुकानात श्रद्धा माझ्यापाशी वाकली आणि तिनं कान जवळ आणला.

"चालू हाय का बंद?"

"हात लावून बघ," साईराज म्हणाला.

तिनं तळहात माझ्या पाठीशी धरला. कोमट वारा लागला आणि ती हसली.

बोरगावच्या घरात मधल्या खोलीत आप्पांची खाट होती. श्रद्धानं टेबल त्याच खोलीत, खिडकीकडं पाठ करून लावलं, म्हणजे संगणकाच्या पडद्याचा उजेड आप्पांच्या डोळ्यांवर येणार नव्हता आणि मान वर केली की ते दिसणार होते. कीबोर्डही तिनं मऊ आवाजाचा आणला. पण त्या घरातली शांतता बघून मलाच भीती वाटली. डॉक्टरांनी काही दिवस शांतता ठेवा म्हणून सांगितलं होतं, आणि घरच्यांनी ते सांगणं महिनोन् महिने पाळलं होतं. आईनं कुकर माळ्यावर टाकला होता आणि उघड्या पातेल्यात डाळ शिजत होती. आप्पांचे दोस्त भावकू काका दारातूनच हात जोडून परत जात. बोलायचं असलं की आई श्रद्धाला परसात न्यायची.

मी इतका मुका असूनही श्रद्धाला धीर नव्हता. तिनं मष्णू सुताराकडून एक लाकडी कपाट करून घेतलं आणि मला आत ठेवून दार लावून घेतलं. थंडीचे दिवस तसे निभावले. मग ऊन तापलं.

साहेबांनी एका मोठ्या पंपाच्या कवचाचं काम पाठवलं. "हे तीन दिवसांत नीट आलं म्हणजे पुढचं बघू," ते फोनवर म्हणाले. श्रद्धानं सकाळी आकडेमोड सुरू केली. ती दिवसभर चालणार होती. माझ्या पोटात धग वाढू लागली. पंखे फिरत होते, पण कपाटातली तीच तापलेली हवा पुन्हा पुन्हा ओढत होते. आधी मी संथ झालो, आणि दुपारी बंदच पडलो. केलेलं सगळं वाया गेलं.

तिनं दार उघडलं तेव्हा गरम हवेचा झोत तिच्या तोंडावर आला. मी बंद का पडलो ते तिला तेव्हाच कळलं. तरी दुसऱ्या दिवशी तिनं दार बोटभरच उघडं ठेवलं. पंखे आता जोरात फिरत होते. त्यांचा आवाज फटीतून यायला लागला की ती आप्पांकडं बघे आणि फट आणखी कमी करी. दुपारी मी पुन्हा बंद पडलो.

श्रद्धा जमिनीवर बसली. आई आली आणि दोघी कुजबुजू लागल्या.

"आता गं?"

"उद्या एकच दिवस हाय, आई. उद्या झालं न्हाई तर मला जायाला पाहिजे."

"हळू बोल. झोपल्यात ते."

"झोपलो न्हाई मी," खाटेवरून आप्पा म्हणाले.

दोघी दचकल्या. आप्पा भिंतीला टेकून उठून बसले होते.

"काढ ते दार," ते म्हणाले.

"आप्पा, आवाज होईल. उन्हात पंखे जोरात फिरत्यात."

"होऊ दे."

"तुम्हाला त्रास होतोय न्हवं."

आप्पांनी पाय खाटेखाली सोडले. मग म्हणाले, "सगळीजण कुजबुजाल्यात. भावक्या दारातनं हात जोडतोय. पडल्या पडल्या मला वाटतंय, मी गेलोय, आन् तुम्ही माझ्याभोवतीनं बसलाय. कुकर दुखतोय गं डोक्यात. खरं हे असलं गप्प ऱ्हाणं त्याच्यापरास जास्त दुखतंय."

आईनं पदर तोंडाला लावला. श्रद्धा उठली, पेचकस आणला आणि बिजागऱ्या खोलायला बसली. शेवटचा स्क्रू निघेना, तेव्हा आप्पा भिंतीला धरून हळूहळू आले आणि त्यांनी दार हातात धरून ठेवलं.

दुसऱ्या दिवशी सकाळपासून मी उघड्यावर काम केलं. उन्हाबरोबर माझे पंखेही चढले. वाऱ्यानं उसाचं पान हलावं तसा तो आवाज होता, पण त्या खोलीत तो ठळक वाटत होता. श्रद्धाची बोटं बंद करायच्या बटणाजवळ घुटमळत होती. आप्पांनी एकदा कपाळ दाबलं. तिनं हात पुढं केला.

"ऱ्हाऊ दे," आप्पा म्हणाले. "चाललंय न्हवं?"

"चाललंय."

जेवण झालं आणि ते पुन्हा आडवे झाले. थोड्या वेळानं पुन्हा त्यांनी विचारलं, "चाललंय न्हवं?"

दिवेलागणीच्या आधी आकडेमोड पूर्ण झाली. कवचाच्या एका कोपऱ्यात पोकळी राहणार होती. ती कशी टाळायची तेही श्रद्धानं लिहून पाठवलं. साहेबांचा फोन आला. ती परसात गेली नाही, तिथंच बोलली, नेहमीच्या आवाजात. तिचं घरून काम करणं पुढंही चालू राहिलं.

त्यानंतर सगळं एका दिवसात बदललं नाही. कुकर अजून माळ्यावरच होता. पण भावकू काका आत येऊन बसू लागले. पहिल्या दिवशी थोडाच वेळ बसले, मग चहा होईपर्यंत. आई स्वयंपाक करताना गुणगुणू लागली. मलाही दर रविवारी जाळी काढून मऊ ब्रशानं साफ करतात. तो ब्रश आप्पांच्या हातात असतो. ते फार सावकाश झाडतात, पण कोपरे सोडत नाहीत.

परवाचीच गोष्ट सांगतो. श्रद्धाला एका बैठकीसाठी बेळगावला जावं लागलं. ती पहाटेच्या बसनं गेली. घरात माझं काहीच काम नव्हतं. सकाळी आप्पा टेबलापाशी आले. त्यांना संगणकातलं ओ की ठो कळत नाही. त्यांनी वाकून माझं बटण दाबलं, संगणकाचा पडदा मात्र चालू केला नाही. मग खुर्ची ओढून ते शेजारी बसले.

आई दारात आली. "अहो, काय करालाय? ती तर न्हाई आज."

"म्हणूनच लावलं," आप्पा म्हणाले. "बस की तूबी."

आई चौकटीला टेकून बसली आणि भाजी निवडू लागली. मी सावकाश फिरत राहिलो.

मित्रांनो, माझ्यासारखी वस्तू तुमच्या घरी असेल तर तिची धूळ झाडा, तिला भिंतीपासून थोडी लांब ठेवा, आणि जपायच्या नादात दार लावून कोंडू नका. घरात कुणी आजारी असेल, तर त्यांच्या खोलीचंही दार थोडं उघडं ठेवा. आणि आत जाऊन त्यांनाच विचारा, किती आवाज चालेल ते.