अंतोनीची पाठ

शिंपीणबाई संत अंतोनीला घरजावयासारखं वागवायच्या. तो त्यांच्या छपराखाली राहत होता, त्यांच्याच मेणबत्त्या जाळत होता, तेव्हा चार कामं केली तर काय बिघडलं, असा त्यांचा रोकडा हिशेब. कात्री हरवली, बॉबिन हरवली, कपाळावर ठेवलेला चष्मा हरवला, की शिलाई मशीनच्या वरच्या फळीवरल्या त्याच्या पुतळ्याकडे बघून त्या ओरडायच्या, "अंतोनी, बघ जरा!" हरवलेलं शोधून देणं हेच त्या संताचं खातं, म्हणजे तक्रार योग्य ठिकाणीच जात होती. वस्तू सापडली की मेणबत्ती. नाही सापडली, की पुतळ्याचं तोंड भिंतीकडे, सापडेपर्यंत.

मागे एकदा फादर घराला आशीर्वाद द्यायला आले आणि त्यांना पाठमोरा संत दिसला. त्यांनी शिंपीणबाईंची अशी खरडपट्टी काढली, की बाईंनी नवऱ्यासमोर आणि मुलीसमोर कानाला हात लावला. पुन्हा संताला शिक्षा म्हणून करणार नाही! घरच्यांनी विश्वास ठेवला. कानाला हात लावताना बाईंनी किती दिवसांसाठी ते सांगितलं नव्हतं.

कारण आता हरवलेली वस्तू मोठी होती. थोरलीचं लग्न होऊन ती संसाराला लागली होती, पण धाकटी तशीच राहिली होती. अर्ध्या गावाच्या नवरीमुलींचे पांढरे झगे या बाईंनी शिवले, आणि धाकटीसाठी घेतलेलं साटीन पेटीत पिवळं पडायला लागलं होतं. बाईंनी विचार केला: जावई कुठेतरी असणारच. आहे आणि सापडत नाही, म्हणजे हरवलाय. हरवलाय, म्हणजे अंतोनीचं काम. नवरा आणि मुलगी घरात नाहीत असं पाहून त्यांनी स्टूल ओढलं आणि संताला भिंतीकडे वळवलं.

धाकटी चष्म्याच्या दुकानात कामाला होती. पोरगी गुणी, पण 'नाही' ऐकलं की तिच्यापुरता विषय संपला. पोहायला शिकवणारे मास्तर म्हणाले, तुला जमणार नाही. ती टॉवेल गुंडाळून घरी. दुकानाचा मालक सुट्टीला नाही म्हणायला तोंड उघडायचा, तोच ही म्हणायची, "बरं, राहू दे." थोरली तर म्हणायची, हिला मांजरसुद्धा खुर्चीवरून उठवतं.

आणि या धाकटीला नन व्हायचं होतं. सुट्टीच्या दिवशी ती सिस्टरांच्या वृद्धाश्रमात जाऊन म्हाताऱ्यांचे चष्मे नीट करायची. दांडीचा स्क्रू घट्ट करायचा, नाकावरच्या रबरी चकत्या बदलायच्या. मग सिस्टरांबरोबर प्रार्थनेला बसायची. तिथे तिला इतकं बरं वाटायचं की त्याचीच तिला भीती वाटू लागली. मोठ्या सिस्टरांनी सांगितलं होतं, "देवाचं पाचारण आहे की नाही, ते तुझं तू ओळख. येत्या रविवारी चर्चमध्ये मिस्सेनंतर हो किंवा नाही सांग. दोन्ही चालेल, पण अधलंमधलं नको."

घरी तिने ताकास तूर लागू दिली नव्हती. आईला सांगायचं म्हणजे शिलाई मशीन अंगावर घेण्यासारखं होतं. तेव्हा सोमवारी सकाळी कामावर निघताना ती फळीसमोर उभी राहिली आणि पुटपुटली, "अंतोनीबाबा, माझं मन हरवलंय. कुठे आहे ते शोधून दे." वर पाहिलं, तर संत पाठ फिरवून उभा!

तिच्या तोंडचं पाणी पळालं. आईने तर शिक्षा कधीच सोडली होती. म्हणजे हा आपणहून वळला! नाही म्हणतोय! ती दारापर्यंत गेली, परत आली, स्टूलावर चढली आणि संताला पुन्हा खोलीकडे वळवलं. "एकदा नीट ऐकून तरी घे," ती म्हणाली आणि पळाली.

थोड्या वेळाने शिंपीणबाई मशीनवर बसायला आल्या आणि थबकल्या. संत त्यांच्याकडे बघत होता! धाकटी या प्रकाराला नेहमी हसायची, नवऱ्याला फळीकडे बघायची सवयच नव्हती. म्हणजे हा आपणहून वळला. जावई सापडला! त्यांनी केस विंचरले, दार उघडं ठेवलं आणि वाट बघत बसल्या.

पहिला आला वीजमीटर वाचणारा. त्याला चहा मिळाला. कुठल्या चर्चला जाता, आई काय करते, रात्री घोरता का, अशी चौकशी झाली. तो बिचारा मीटर न वाचताच गेला. नंतर पत्ता चुकलेला एक फर्निचरवाला आला. त्याला बाईंनी उभं राहून मागे वळायला सांगितलं. त्याला तीन मुलं निघाली. संध्याकाळपर्यंत बाईंचा पारा चढला. "काम न करता शिक्षा मोडतोस काय?" असं म्हणून त्यांनी संताला पुन्हा भिंतीकडे केलं.

धाकटी घरी आली आणि पाहते तर पुन्हा नकार.

मग रोज हेच. सकाळी धाकटी नवा मुद्दा घेऊन स्टूलावर चढायची. "मला आज्ञा पाळायची सवय आहे, दुकानात विचार हवं तर." "मला गाता येत नाही, कबूल. पण मी हळू आवाजात गाईन." दिवसभर शिंपीणबाई आल्यागेल्याला चहा पाजून चौकशी करायच्या, आणि संध्याकाळी संताचं तोंड भिंतीकडे. धाकटी झोपताना रडायची, सकाळी डोळे पुसून पुन्हा स्टूल ओढायची.

गुरुवारी फळीवरचा बल्ब गेला. धाकटीच्या बाबांनी सकाळीच पुतळा उतरवला, बल्ब बदलला आणि पुतळा ठेवला तो बाजूला वळलेला, एक खांदा भिंतीला लावून, नजर खिडकीकडे. धाकटीला वाटलं, विचार करतोय! तिने श्वास रोखून त्याला तसंच राहू दिलं. शिंपीणबाईंनी खूप डोकं खाजवलं. अर्धा वळला, म्हणजे काय? विधुर?

शनिवारी दुकान अर्धा दिवस होतं. धाकटी दुपारीच दारात येऊन उभी राहिली. आई स्टूलावर होती. एका हातात अंतोनीची मान, दुसऱ्यात खांदा.

"आई!"

शिंपीणबाई पडता पडता वाचल्या. "फादरांना सांगू नकोस!"

"रोज तूच फिरवत होतीस?"

"मी भिंतीकडे फिरवत होते. इकडे तोंड तो स्वतः करत होता."

"तो नाही. मी करत होते."

आतल्या खोलीत जेवत बसलेले बाबा घास हातात धरून म्हणाले, "मी फक्त बल्ब बदलला."

"तू कशाला फिरवत होतीस?" बाईंनी विचारलं. "तुला काय हरवलं?"

उद्या रविवार होता. धाकटीने सगळं सांगून टाकलं: चष्मे, म्हातारे, प्रार्थना, मोठ्या सिस्टर, आणि संताने दिलेला नकार. आई ओरडेल म्हणून ती डोळे मिटून बोलत होती.

आई ओरडली नाही. ती स्टूलावर तशीच उभी होती, पुतळा पोटाशी धरून.

"म्हणजे तुला वाटत होतं, हा तुला नाही म्हणतोय."

"हो."

"रोज?"

"रोज."

"आणि तू रोज त्याला परत इकडे वळवत होतीस?"

"हो ना. चुकलंच माझं. आता कळलं, ते सगळं तूच केलेलं होतं, म्हणजे त्याने काहीच सांगितलं नाही. आता उद्या मी काय सांगू?"

शिंपीणबाई मुलीकडे बघतच राहिल्या. "मास्तर एकदा नाही म्हणाले, तर तू पोहणं सोडलंस. मांजर नाही म्हणालं तर तू खुर्ची सोडतेस. आणि इथे साक्षात संत पाठ फिरवून उभा राहिला असं वाटूनसुद्धा तू त्याच्याशी भांडत होतीस?" त्यांचा आवाज चिरकला. "अगं वेडे, आता कोणाला विचारायचं राहिलंय?"

धाकटीच्या चेहऱ्यावर हळूहळू जो आनंद पसरला, तो बघणं आईला जड गेलं. बाबांनी घास ताटात ठेवला.

"त्या सिस्टरांच्या झग्याचा रंग कोणता?" बाईंनी विचारलं.

"राखाडी."

"राखाडी! तुझ्या रंगावर!" त्यांनी नाक ओढलं. "आणि काखेत किती ढगळ असतो तो, पाहिलाय मी. सांग त्यांना, तुझा मी शिवणार. नाही म्हणाल्या तर भांड. येतं ना आता?"

मग त्यांनी संत अंतोनीला फळीवर ठेवलं आणि नीट, सावकाश, पुन्हा भिंतीकडे वळवलं.

"आई, आता काय मागतेस त्याच्याकडे?"

"काही नाही गं. मला थोडं रडायचंय. त्याच्या देखत नाही रडणार मी."

धाकटीने स्टूल दोन्ही हातांनी घट्ट धरलं.