दिवा असेपर्यंत नव्वद

भिंतीवरच्या पेटीच्या तळाला हात लावल्याबरोबर इलाही शिकलगारच्या ध्यानात घोटाळा आला. पेटी चांगली कोमट होती. खोली मात्र इतकी गारठलेली, की तीन रग अंगावर घेऊन पडलेले आप्पासो खोकताना थरथरत होते. पेटीच्या खाली वीतभर अंतरावर समई तेवत होती. चौरंगावर खंडोबाचा घट बसला होता, वर खिळ्याला झेंडूची पहिली माळ होती, आणि पलीकडे मनुबाई हात जोडून उभ्या होत्या.

"यंत्र बिघडलं व्हय रं?" त्यांनी विचारलं. "रात्रभर सुरूच झालं न्हाई. ह्यांनी डोळ्याला डोळा लावला न्हाई."

यंत्राला काहीच झालं नव्हतं. भिंतीवरच्या पेटीला खालून दिव्याची ऊब लागत होती, त्यामुळे खोली तापली आहे असंच तिला वाटत होतं आणि ती हीटर सुरू होऊ देत नव्हती. बिचारी आपलं काम इमानानं करत होती. चौरंग तिच्याखाली मांडणाऱ्याला तिचा विचार सुचला नव्हता, एवढंच.

साताऱ्याच्या सदर बझारातल्या ह्या बंगल्यात ते यंत्र बसवून तीन वर्षं झाली होती. आप्पासो फौजेतले निवृत्त सुभेदार. छाती कमजोर, थंडीत श्वास कोंडायचा, उन्हाळ्यात जीव कासावीस व्हायचा. अमेरिकेतल्या थोरल्या मुलानं बापासाठी यंत्र पाठवलं, वर्षातून एकदा पत्र पाठवलं, आणि बाकीचं सगळं इलाहीवर सोपवलं. यंत्र व्हरांड्यात होतं. हिवाळ्यात गरम आणि उन्हाळ्यात थंड हवा ते पत्र्याच्या नळातून खोलीत सोडायचं. त्याला हुकूम द्यायची ती भिंतीवरची पेटी. तिच्यात एक छोटं घड्याळ आणि दोन काटे होते. निळा दिवसाचा, सत्तर अंश फॅरनहाइटवर. तांबडा रात्रीचा, पंचाहत्तरवर. रात्री नऊला तांबडा, सकाळी सातला निळा, असं घड्याळच बदलायचं.

पण घड्याळ विजेवर चालायचं, आणि वीज सरकारच्या मर्जीवर. रोज दोन-तीन तास दिवे गेले की घड्याळ तेवढं मागं पडायचं आणि दोन-तीन दिवसांत रात्रीची ऊब पहाटे सुरू व्हायची. म्हणून इलाही रोज सकाळी पोवई नाक्यावरचं दुकान उघडण्याआधी सायकलवरून यायचा, वीज किती वेळ गेली होती ते विचारायचा आणि घड्याळ पुढं करायचा. फौजेच्या वर्कशॉपात सोळा वर्षं त्यानं थंड-गरम यंत्रंच उघडली होती. त्या पेटीवर त्याचा जीव होता, आणि खरं सांगायचं तर तिचा त्याला थोडा गर्वही होता.

घरातल्यांना पेटी कधी कळलीच नाही. धाकटा लालासाहेब थंडी वाजली की काटा एकदम टोकाला न्यायचा. चुलीत जास्त लाकडं घातली की पाणी लवकर तापतं, तसं असावं ही त्याची समजूत. इलाहीनं दहा वेळा सांगितलं, की काटा म्हणजे कुठं थांबायचं ते, पळायचं किती ते नव्हे. लालासाहेब हसायचा आणि पुन्हा तेच करायचा. कळलं होतं फक्त आप्पासोंना. ते म्हणायचे, "ही पेटी म्हंजी पहाऱ्यावरचा शिपाई हाय गड्या. तिला काय दिसतं तेवढंच ती सांगणार." त्या दोघांचं जमायचं ते ह्यामुळंच. इलाही काटा फिरवायचा, आप्पासो पडल्या पडल्या बघायचे, आणि दोघं पठाणकोटच्या थंडीबद्दल बोलायचे.

दरवर्षी मार्गशीर्षात खंडोबाचे घट देवघरात बसायचे. ह्या वर्षी आप्पासोंना उठवत नव्हतं. त्यांना पडूनच देवाचं दर्शन व्हावं म्हणून मनुबाईंनी चौरंग त्यांच्या खोलीत आणला. देवाचं तोंड पूर्वेला हवं, म्हणून तीच भिंत आली. चंपाषष्ठीपर्यंत सहा दिवस अखंड दिवा, सहा माळा, आणि नवऱ्याला उठवून बसवलंस तर पालीच्या तुझ्या देवळात येऊन त्यांच्या वजनाइतका भंडारा उधळीन, असा नवस.

इलाहीनं त्यांना समजावून सांगितलं आणि दिवा चार हात बाजूला घ्या म्हणाला. मनुबाईंनी त्याच्याकडं अशा नजरेनं पाहिलं, की त्याला आपलंच बोलणं नको झालं.

"बसलेला घट आन लावलेला दिवा हलवत न्हाईत इलाही. तुला ठाऊक नसंल."

त्याला ठाऊक होतं. साताऱ्यातच जन्मला होता तो. मग मधे पत्र्याचा तुकडा लावू का, असं त्यानं विचारलं. देवाच्या ज्योतीवर पत्रा धरायचा, हे मनुबाईंना त्याहून वाईट वाटलं. पेटी काढून दुसरीकडं बसवायची तर भिंत फोडायला हवी, वायर ओढायला हवी. तेवढे दोन दिवस हीटर बंद. त्या थंडीत ते शक्य नव्हतं.

शेवटी त्यानं स्वतःचा थर्मामीटर आप्पासोंच्या उशाशी टांगला आणि दुपारपर्यंत तिथंच बसला. दिव्याच्या उबेनं पेटी पंधरा अंशांनी फसत होती. म्हणजे उशाशी पंचाहत्तर हवं तर पेटीला नव्वद सांगायला हवं. त्यानं दोन्ही काटे नव्वदवर आणले. तासाभरात उशाशी बरोबर पंचाहत्तर झालं. आप्पासोंना घाम नाही, थंडी नाही. त्यांनी रगातून हात काढून त्याला सलाम केल्यासारखं केलं. इलाही खूश झाला. एवढं खूश व्हायला नको होतं, हे त्याला नंतर कळलं.

जाण्याआधी त्यानं एका कागदावर मोठ्या अक्षरात लिहिलं: 'दिवा असेपर्यंत नव्वद. दिवा उचलताच पंचाहत्तर करणे.' कागद खळीनं पेटीखाली चिकटवला. आणि लालासाहेबाला बाजूला घेऊन तोंडीही सांगितलं, की षष्ठीला दिवा उचलायच्या आधी मला आत बोलवा. दिवा गेला आणि काटा तिथंच राहिला, तर खोलीची भट्टी होईल. लालासाहेब म्हणाला, "व्हय, व्हय. तेवढं कळतं आम्हाला."

चार दिवस सगळं ठीक गेलं. रोज इलाही यायचा, घड्याळ लावायचा, थर्मामीटर बघायचा. आप्पासो जरा बोलू लागले. नवस पावला, असं मनुबाई येईल त्या बाईला सांगत होत्या. इलाहीनं ते ऐकलं आणि तो घड्याळ लावत राहिला. देवाचं श्रेय मागायला तो काही मूर्ख नव्हता.

चंपाषष्ठीच्या दिवशी नऊ वाजता तो बंगल्यावर आला, तर अंगण पाहुण्यांनी भरलेलं. वांग्याच्या भरिताचा वास, चपलांचे ढीग. दिवाणखान्यात तळी उचलायची तयारी चालली होती. दारातच लालासाहेब भेटला. त्याच्या कपाळावर भंडारा थापला होता.

"जरा दम धर इलाही. घरात देवाचं चाललंय, सोवळ्यातल्या बायका हायत. तळी झाली की जा आत."

"दिवा खोलीतच हाय न्हवं?"

"हाय, हाय. जाणार कुठं?"

इलाही व्हरांड्याच्या कडेला यंत्राशेजारी बसला. थोड्या वेळानं त्यानं पुन्हा एका बाईकडून विचारून घेतलं. तिनं आत न बघताच होकार दिला. आत येळकोट सुरू झाला. भंडाऱ्याची पिवळी धूळ दारातून बाहेर आली. यंत्र गुरगुरत होतं. पाहुणे त्याच्याकडं बघून, हा कोण बसलाय, असं आपसात विचारत होते. त्याला राग आला होता, पण सणासुदीच्या दिवशी राग दाखवायचा नसतो, म्हणून तो यंत्राकडं तोंड करून बसला.

असा अर्धा तास गेला असेल. मग त्याच्या लक्षात आलं, की यंत्र अजून एकदाही थांबलेलं नाही. एरवी दहा-पंधरा मिनिटांनी खट् असा आवाज व्हायचा आणि गुरगुर बंद पडायची. खोली पुरेशी तापली, असं पेटी सांगायची, तो हा आवाज. त्यानं घड्याळ पाहिलं. पत्र्याच्या नळाला हात लावला आणि काढून घेतला. मग त्यानं व्हरांड्यातलं मेन बटण खाली ओढलं आणि कुणाला न विचारता मागच्या दारानं आत गेला.

तळीचा भंडारा उडून आप्पासोंना ठसका लागू नये म्हणून खोलीचं दार आणि खिडक्या पहाटेपासून घट्ट लावल्या होत्या. दार उघडल्यावर गरम हवा त्याच्या तोंडावर आली. चौरंग जागेवर होता, घट जागेवर होता, सहावी माळ टांगलेली होती. समई नव्हती. ती दिवाणखान्यात तळीपुढं नेली होती. घट हलवायचा नसतो, पण षष्ठीच्या पहाटे पूजा झाली की दिवा मोकळा होतो, हे त्याला कुणी सांगितलं नव्हतं. एवढं मात्र त्याला खरंच ठाऊक नव्हतं.

आप्पासोंनी तिन्ही रग लाथाडले होते. सदऱ्याची दोन बटणं तोडलेली होती. एक हात पलंगाखाली लोंबत होता, खाली पाण्याचा तांब्या आडवा पडला होता. इलाहीनं नाडी पाहिली, छातीला कान लावला. मग त्यानं खिडक्या उघडल्या. बाहेरची गार हवा आत आली, पण ती घेणारं कुणी नव्हतं.

त्याची नजर पेटीखाली गेली. तिथं खळीचे डाग होते, कागद नव्हता. चौरंगाशेजारच्या टोपलीत जुन्या माळांच्या निर्माल्यात कागदाचा कोपरा दिसत होता. पहाटे माळ टांगताना तो आड आला असणार. मनुबाईंना वाचता येत नव्हतं.

तेवढ्यात त्या नैवेद्याचं ताट घेऊन आल्या. मागून लालासाहेब. पुढच्या आरडाओरड्यात पाहुणे जमले, कुणी डॉक्टरला आणायला धावलं. लालासाहेब पेटीपुढं जाऊन उभा राहिला. त्याला पेटी कळत नव्हती, पण आकडा वाचता येत होता.

"नव्वद? नव्वद कुणी केलं?"

 मनुबाई नवऱ्याच्या पायाशी बसल्या होत्या. त्यांनी मान वर करून इलाहीकडं पाहिलं. त्यांच्या हातावर समईचं तेल अजून ओलं होतं.

हात लांब करून टोपलीतला कागद काढला असता, तर सगळं संपलं असतं. लालासाहेबाला सांगितलं होतं, हेही सगळ्यांसमोर म्हणता आलं असतं. इलाहीच्या तोंडापर्यंत ते आलं. पण मग दिवा कुणी उचलला हा प्रश्न निघाला असता, आणि त्याचं उत्तर पायाशी बसलं होतं.

"म्या केलं," तो म्हणाला.

लालासाहेबानं त्याच्या थोबाडीत मारली. कुणी आड आलं नाही. इलाहीचं वय पंचावन्न, फौजेतली सोळा वर्षं, आणि जमलेले पाहुणे बघत होते. सांगितलेलं लालासाहेबाला आठवत होतं की नाही, देव जाणे. मला विचाराल तर आठवत होतं. माणूस उगीच इतक्या जोरानं मारत नाही.

डॉक्टर म्हणाले, काळीज थकलेलंच होतं, आज ना उद्या जायचंच होतं. पण उकाड्यानं घाई केली असेल, असंही म्हणाले, आणि गावानं तेवढंच उचललं. शिकलगारानं सुभेदाराला भाजून मारलं, ही गोष्ट आठ दिवसांत कोरेगावापर्यंत गेली. बर्फाच्या कारखान्यानं त्याला बोलावणं बंद केलं. दूध संघानं साताऱ्यात माणूस असताना साताऱ्याबाहेरचा मिस्त्री आणला. घरी त्याच्या बायकोनं, मेहरुनबीनं, पहिले दोन दिवस रडून काढले आणि तिसऱ्या दिवशी ती भांडायला उठली.

"खरं काय ते सांगून टाका. त्येंनी दिवा उचलला. तुमी कशापायी मरताय?"

"सांगू कुणाला? त्या म्हातारीला? तुज्या नवसानं तुजा दादला मेला म्हणून?"

"मग ती जगंल आन आपण मरायचं?"

 इलाही चिडला, भांडी आपटली, घराबाहेर गेला. आपण फार चांगलं वागलो, असं त्याला एकदाही वाटलं नाही. आपण फसलो, असंच वाटत होतं, आणि ते कुणाला म्हणायची सोय नव्हती.

तेरावं झाल्यावर निरोप आला, की यंत्र काढून ने. इलाही हत्यारांची पिशवी घेऊन गेला. खोली धुतलेली होती, पलंग उभा करून ठेवला होता. तो पेटीचे स्क्रू काढू लागला, तेव्हा मागं कुणीतरी उभं आहे असं त्याला जाणवलं. मनुबाई होत्या. पांढरं कपाळ घेऊन दाराशी टेकल्या होत्या.

"इलाही, एक इचारते. खरं सांग. तू म्हणला हुतास दिवा हलवा, हितं ऊब लागती. आन म्या तो दिवा उचलला त्या दिवशी. त्यानं तर न्हाई न्हवं झालं?"

कित्येक रात्री त्या झोपलेल्या दिसत नव्हत्या. गेले तेरा दिवस त्या हेच विचारत असणार, स्वतःला, भिंतीला, कदाचित खंडोबालाही. इलाहीनं स्क्रू पिशवीत टाकला. मग मागं न वळता म्हणाला,

"न्हाई आईसाब. दिव्याचा काय संबंध न्हाई. माजाच आकडा चुकला."

 मनुबाईंनी लांब श्वास सोडला. मोठं ओझं उतरलं की माणूस सोडतो, तसा. आणि ते उतरल्यावर त्यांना राग करायला मोकळीक मिळाली.

"माज्या कपाळाचं कुंकू तू खाल्लंस. तुज्या हाताला कंदी यश यायचं न्हाई. तुजी लेकरं उपाशी मरतील."

"व्हय," इलाही म्हणाला.

त्या निघून गेल्या. त्यानं शेवटचा स्क्रू काढून पेटी भिंतीपासून ओढली. तिच्या जागी पांढरा चौकोन होता. आणि समईच्या जागेपासून चौकोनाच्या खालच्या कडेपर्यंत वर गेलेला काजळीचा पट्टा होता, बोटभर रुंद, सरळ, सहा दिवस जळलेल्या दिव्याचा. खोली धुणाऱ्यांनी तो पाहिला असेल, पण काय आहे ते त्यांना कळलं नव्हतं. थोरला अमेरिकेतून आला असता, तर एका नजरेत त्याला सगळं कळलं असतं, आणि त्याच्याकडून आईलाही.

इलाहीनं खांद्यावरचं फडकं थुंकीनं ओलं केलं आणि तो पट्टा पुसायला सुरुवात केली. काजळी चुन्यात मुरली होती, सहज निघत नव्हती. तो पुन्हा पुन्हा घासत राहिला.