सतरा नंबरचा जोडा

इस्तारीचं लग्न जमलं नाही यात इस्तारीचा काडीचाही दोष नव्हता. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे मागाहून कोणी फाटे फोडायला नको. माणूस सरळ, पानतंबाखूचंही व्यसन नाही, तळ्यात जाळं टाकून घर चालवणारा. पण बाप लवकर गेला आणि घरात चार बहिणी. इस्तारीच्या सोयरिकीची गोष्ट निघाली की पोरीकडचे म्हणत, "घरात अजून नणंदा हायेत, पाहू पुढच्या साली." ते पुढचं साल काही उगवलं नाही. सोयरीक शोधायला जोडे झिजवावे लागतात म्हणतात. याच्यासाठी झिजवणार कोण? आई होती, ती बिचारी जन्मभर अनवाणी. शेवटची बहीण सासरी गेली तेव्हा इस्तारीच्या कानशिलावर पांढरे आले होते. मग आईही गेली. राहिलं काय, तर एक ताट, भात शिजवायचा एक गंज आणि घरात दुसऱ्याचा आवाज म्हणून एक रेडिओ. स्वयंपाक करताना तो रेडिओवरच्या बातम्यांना "हो का?" म्हणायचा. आता हसू नका, एकट्या माणसाला असल्या सवयी लागतात.

नव्याण्णव सालच्या हिवाळ्यात तो चिमूरच्या बाजारात मासोळी घेऊन बसला होता. बाजाराच्या तोंडाशी एक गाडी येऊन थांबली. अख्खी गाडी नारिंगी, तिच्यावर वाघाचे काळे पट्टे, टपावर भोंगा. आतून चार पोट्टे उतरले. ढगळ पँटी, उलट्या टोप्या, पायात गाडीच्याच रंगाचे बूट. नागपूरहून आले होते. 'झेप' नावाची बुटांची कंपनी, तिच्या जाहिरातीचं काम बघणारा प्रवीण त्यांचा म्होरक्या. तोंड असं चालायचं त्याचं की भोंगा नसता तरी भागलं असतं.

"वाघाच्या जिल्ह्यासाठी खास वाघाचा जोडा!" प्रवीण ओरडला. "लिमिटेड माल! फक्त पन्नास जोडे, एक्कावन्नावा दुनियेत नाही!"

"लिमिटेड म्हणजे का गा?" गर्दीतल्या एका म्हाताऱ्यानं विचारलं.

"लिमिटेड यष्टी नाई का, आजा," कोणीतरी उत्तर दिलं, "साऱ्या थांब्यावर नाई थांबत ते."

प्रवीणनं ते लगेच उचललं. "बरोबर! साऱ्यांच्या पायात नाही थांबत हा जोडा!" बाजार हसला. पोरगं हुशार होतं, खोटं कशाला बोलू.

आणि त्याची युक्ती तर त्याहून भारी. जोडा विकायचाच नव्हता, वाटायचा होता, पण एकेकच पाय. डावा एकाला, उजवा दुसऱ्या कुठल्या गावच्या दुसऱ्याच माणसाला. दोन्हींच्या जिभेवर आतून एकच नंबर शिवलेला. रविवारी चंद्रपूरच्या दुकानापुढे मेळावा. तिथं आपल्या नंबरचा माणूस शोधायचा. सापडला की दोघांनाही एकेक पुरा जोडा. नाही सापडला तर एक पाय घेऊन घरी.

तरणी पोरं पाय पुढे करून ढकलाढकली करू लागली. प्रवीणची नजर मात्र मासोळीच्या टोपलीमागे बसलेल्या इस्तारीवर गेली. फोटोत बरा दिसेल असं वाटलं असावं.

"काका, तुमचं माप काय?"

"कायचं माप?" इस्तारी म्हणाला. त्याला तांदुळाचं माप ठाऊक. पायाचं कोणी कधी विचारलंच नव्हतं.

प्रवीण खाली बसला. इस्तारीच्या पायाला चिखल होता, खवले चिकटलेले होते. त्यानं तो पाय तसाच हातात घेतला, पट्टीवर ठेवला आणि "आठ!" म्हणाला. मग पुसून डाव्या पायात बूट घातला. आत कापसासारखं मऊ. इस्तारीनं पायाची बोटं हलवून पाहिली.

"अन् उजवा?"

"उजवा कोणाकडे तरी आहे काका. नंबर सतरा. रविवारी या. तो पण तुम्हालाच शोधत असेल."

पोरगं बोलून गेलं आणि पुढच्याकडे वळलं. धंद्याचं बोलणं ते, गावोगाव तेच म्हणत असणार. पण इस्तारीच्या मनात ते वाक्य रुतलं. चाळिशी आली, इतक्या वर्षांत आपल्याला कोणी शोधत असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं.

त्यानं तो बूट गावात कोणाला दाखवला नाही. या वयात नारिंगी बूट, तोही एकच, म्हणजे पोट्ट्यांच्या हाती आयतं कोलीत. कपड्यात गुंडाळून शिंक्यावर ठेवला. संध्याकाळी चूल पेटली की काढायचा, डाव्या पायात घालायचा आणि बसायचा. कोण असेल सतरा नंबरवाला? आपल्याएवढाच पाय त्याचा. शेतकरी असेल, खाणीतला असेल. भेटला तर त्याला चहा पाजू, गावाला ये म्हणू, मासोळी खाऊ घालू. बाकी, आत कुठंतरी आणखीही एक विचार होता. उजवा पाय एखाद्या बाईमाणसाच्या हाती पडला असेल तर? तो विचार आला की इस्तारी बूट काढून ठेवायचा आणि उगाच चूल फुंकायचा.

आता या गोष्टीत ध चा मा कसा झाला ते ऐका.

मोठी बहीण ठमाबाई, इस्तारी तिला नुसतं 'बाई' म्हणायचा, दिली होती पार मुलचेऱ्याकडे. अधूनमधून ती गावातल्या लटारूच्या दुकानात फोन करायची आणि भावाची खुशाली विचारायची. नेमका त्या आठवड्यात तिचा निरोप आला की रविवारी येते. इस्तारी जाळं खांद्यावर टाकून तळ्याकडे निघाला होता. त्यानं चालता चालताच लटारूला सांगितलं, "लटारूभाऊ, बाईचा फोन आला तं सांगजो, रविवारी मी घरी नाई. जोडा आणाले चंद्रपूरले चाललो."

लटारूनं शब्दाला शब्द सांगितला. "बाई, इस्तारी रविवारी चंद्रपूरले जाऊन राह्यला. जोडा आणाले."

"काय?" ठमाबाई तिकडून ओरडली. "जोडा भेटला त्याले?"

"भेटला म्हणते," लटारू म्हणाला, आणि लाइन कटली.

भावाला जोडा मिळाला हे ऐकून कोणत्या बहिणीच्या डोळ्यापुढे बूट येतील? सांगा ना! आणि लटारूही काही कमी नाही. ठमाबाईचा आनंद ऐकला आणि त्याचंही मत पक्कं झालं. आठवून पाहतो तर काय, इस्तारी परवा दाढी करून आला होता! नवा सदरा घेतला होता! झालं. इस्तारीनं गुपचूप पाट लावायचं ठरवलं, बायको चंद्रपूरची, असं रविवार उजाडायच्या आत अख्ख्या गावाला कळलं. फक्त इस्तारीला कळलं नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, दुसरं काय.

रविवारी इस्तारी पहिल्या गाडीनं चंद्रपूरला पोचला. दुकानापुढे मांडव होता, गाणी चालली होती. हातात एकेक बूट धरलेली माणसं इकडेतिकडे फिरत होती. "बावीस! बावीस उजवा!" "नऊ कोणापाशी हाय?" ज्यांचे जुळत होते ते मिठ्या मारत होते. इस्तारीला ओरडायची लाज वाटली. तो बूट छातीशी धरून एका खांबापाशी उभा राहिला. गर्दी कमी होत गेली. दुपार कलली, मांडवात थोडीच माणसं उरली. शोधणारा कोणी नव्हताच तर.

"भाऊ, तुमचा नंबर कोणता हाय?"

त्यानं वळून पाहिलं. समोर एक बाई. पस्तिशीची असेल, निळं पातळ, हातात नारिंगी बूट, उजवा.

"सतरा," इस्तारी म्हणाला. बुटाची जीभ उलटून तिला दाखवली आणि पुन्हा म्हणाला, "सतरा."

"माय वो!" बाई हसली. "सकाळपासून शोधून राह्यली मी तुमाले! साऱ्याइले विचारलं. तुमी काऊन नाई ओरडले?"

सकाळपासून शोधून राह्यली मी तुमाले. इस्तारीनं बूट पुढे केला.

प्रवीणनं दोघांना मांडवातल्या मंचावर ओढलं. "सतरा नंबरचा जोडा जुळला! टाळ्या!" फोटोवाला म्हणाला, "जवळ या, अजून जवळ, दोघंही हसा." बाईनं पदर सारखा केला. दोन बूट दोघांच्या मधे शेजारी शेजारी धरलेले, लोक टाळ्या वाजवत होते, आणि इस्तारीच्या मनात आलं की हे इथंच थांबावं. आपल्या शेजारी उभं राहून कोणीतरी हसतंय आणि माणसं त्याचा आनंद मानताहेत, यापेक्षा माणसाला लागतं तरी काय? त्याला खूप खूप बरं वाटलं. मी सांगतो, त्या घडीला तो नवरदेवापेक्षा कमी नव्हता.

फोटो झाला. दोघांच्या हाती एकेक खोकं आलं.

"नाव का तुमचं?" इस्तारीनं धीर करून विचारलं.

"रीता. बल्लारपूरची. हा जोडा आमच्या घरवाल्याइचा हाय, पेपर मिलमदी हायेत. आज ड्युटी लागली, म्हणून मले धाडलं." तिनं खोकं काखेत मारलं. "बरं झालं तुमी भेटले, नाई तं घरी गेल्यावर बोलणे खाल्ले असते. चला भाऊ, येते मी. माही गाडी जाईल."

इस्तारी चहाचं विचारणार होता. तोवर निळं पातळ गर्दीत गेलं. रागावण्यासारखं तिनं काही केलं नव्हतं, आणि तेच वाईट होतं. त्यानं बसस्टँडवर एकट्यानं चहा घेतला, खोकं उघडलं आणि दोन्ही बूट पायांत घातले. दोन्ही पायांना सारखेच मऊ लागले.

दिवस बुडता बुडता गाडी गावाच्या फाट्यावर थांबली. इस्तारी उतरला आणि बघतो तर फाट्यावर निम्मं गाव. लटारू पुढे, एक डफडं वाजवणारा, बायाबापड्या, आणि सगळ्यांच्या पुढे ठमाबाई. हातात ओवाळायचं ताट, खांद्यावर नवं हिरवं लुगडं. सगळ्यांच्या नजरा इस्तारीवरून घसरून त्याच्या मागं गाडीच्या दारावर खिळल्या. कंडक्टरनं घंटी दिली. दार लागलं. गाडी गेली.

"कुठी हाय?" ठमाबाईनं विचारलं.

"कोण, बाई?"

"अरे, जोडा आणाले गेला होता ना तू?"

इस्तारीनं ताटाकडे पाहिलं, लुगड्याकडे पाहिलं. मग सगळं त्याच्या ध्यानात आलं. तो खाली आपल्या पायांकडे बघत राहिला. त्याच्याबरोबर अख्खं गाव खाली बघू लागलं. नारिंगी, वाघाचे पट्टे, कोरे करकरीत.

"हा आणला," तो म्हणाला.

मागं एक पोट्टा फिस्सकन हसला. मग हसू पसरलं, डफडंवाल्यानं दोन थापा मारल्या. लटारू मात्र मान खाली घालून उभा होता. ठमाबाई गर्रकन वळली. "हसता काऊन रे? जा आपापल्या घरी!" तिनं ताटावर पदर धरला आणि भावाच्या पुढं चालू लागली.

दोघं घरापाशी आले. अंगण सारवलेलं होतं, दारात रांगोळी होती, आणि उंबरठ्यावर तांदुळानं काठोकाठ भरलेलं माप. नवी नवरी उजव्या पायानं लवंडते ते. इस्तारीच्या नावानं त्या उंबरठ्यावर माप कधी ठेवलंच गेलं नव्हतं. आईच्या हातूनही नाही. इस्तारी त्याच्यापुढे थबकला. स्वतःच्या घरात जायचं कसं ते त्याला कळेना.

ठमाबाईला रडू फुटलं. "माहीच अक्कल मातीत गेली रे. मले वाटलं, देवानं ऐकलं. आमी चौघीही आपापल्या घरचं माप लवंडून मोकळ्या झालो, अन् तुह्या उंबरठ्याकडे एकीनंही पाह्यलं नाई. तू आमाले उजवत बसला. आमाले लाज वाटाले पाहिजे होती."

"रडू नको, बाई," इस्तारी म्हणाला. "मले कोणी शोधून राह्यलं होतं आज. खरंच. सकाळपासून."

तिला काही कळलं नाही. त्यानं बूट काढले, दाराबाहेर शेजारी शेजारी ठेवले. मग वाकून दोन्ही हातांनी माप उचललं, एक दाणा न सांडता आत नेलं आणि चुलीपाशी ठेवलं. ठमाबाईनं डोळे पुसले, लुगडं घडी करून पिशवीत घातलं आणि गंज पुढे ओढला.

"किती तांदूळ लावू? सारेच लावले तं उरंल."

"उरू दे," इस्तारी म्हणाला. "उद्या तू गेली का मले एकट्याले होईल."