गोड्या तेलाचा हात

कीस तर चकचकीत होता. लेथवरून निघालेलं लोखंडाचं ते वेटोळं तिनं चिमटीत धरलं, उन्हात फिरवून पाहिलं, मग दुसरं उचललं, तिसरं... सगळी तशीच. पिंपात कोपरापर्यंत हात घातला तरी बोटांना लाल काही लागेना. लागलं ते बुळबुळीत. आणि वास — वास ओळखीचा, पण तो इथला नव्हे, स्वयंपाकघरातला.

सकाळपासून ती दिसेल त्याच्यावर उखडत होती. आधी प्रयोगशाळेतल्या बाईंवर, कारण अहवालात बोअरच्या पाण्यात जेवढं आर्सेनिक तेवढंच पिंपातून गाळून आलेल्या पाण्यात, म्हणजे यांनी बाटल्यांची अदलाबदल केलेली असणार; मग पंपवाल्यावर; मग खालच्या थरातल्या वाळूवर — वाळूवर काय उखडायचं, पण उखडली. बाबांचा मात्र तिला संशयही आला नाही. पिंप तिनं त्यांच्याच हाती सोपवलं होतं, नीट सांभाळा म्हणून बजावून.

"काय, कसं केलंय?" बाबा मागे येऊन उभे. जन्म लेथवर गेलेला माणूस. कौतुक ऐकायला मान जराशी तिरकी. "पार गंजून गेलं होतं गं सगळं. तू तिकडे कामात, म्हटलं आपणच करू. ब्रशनं घासलं, पुसलं, तेलाचा हात फिरवला. मशीनचं तेल नाही हं! पिण्याचं पाणी आहे, एवढं कळतं मला. घरातलं गोडं तेल."

"अहो बाबा, गंजायलाच ठेवलं होतं ते!"

तिनं कपाळावर हात मारला, तेलकट हात. कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं — लोखंड पाण्यात गंजतं, त्या गंजालाच विष चिकटतं, आणि पाणी पुढे स्वच्छ जातं. गंज म्हणजेच आपलं औषध, बाबा. हो हो म्हणाले होते. सगळ्याला हो हो म्हणतात आणि मग स्वतःचंच खरं करतात! एखादा आळशी माणूस नेमला असता तर त्यानं पिंपाकडे ढुंकून पाहिलं नसतं आणि सगळं सुरळीत चाललं असतं. पण नाही. यांना गंज दिसला की घरात चोर शिरल्यासारखं होतं.

"ओरडू नकोस गं त्यांना," शेजारच्या काकू पिंपाच्या नळाखाली बादली लावत म्हणाल्या. "आधी लोखंडाची चव यायची, पोरं तोंड वाकडं करायची. महिना झाला, कसं गोड लागतंय पाणी!"

गोड. तिच्या डोक्यात तिडीक गेली. लहानपणी सायकलची साखळी, दाराच्या बिजागऱ्या, आईचं शिलाई मशीन — काही कुरकुरायचा अवकाश, हे तेलाची कुपी घेऊन हजर. आई दवाखान्यात होती तेव्हा तिच्या खाटेचं चाक करकरायचं, तर डॉक्टर समोर उभे असताना त्यांना काही विचारायचं सोडून हा माणूस खाटेखाली वाकून चाकाला तेल घालत होता... तेव्हाही ती बाबांवर ओरडली होती. सगळ्या वॉर्डासमोर. आणि आई हसली होती, म्हणाली होती, घालू दे गं, त्यांना दुसरं काय येतं.

बाबांनी पिंपाच्या कडेवर हात टेकला. तळव्यावरचे ते घट्टे, तांदळाच्या कण्यांसारखे टणक, आणि मनगटावर काळे ठिपके. बोअरच्या पाण्यानं आलेले. त्या हातांसाठीच तर तिनं सगळ्यांशी भांडून हे पिंप आणून बसवलं. आणि लोकांचा विश्वास बसावा म्हणून रोज पहिला पेला बाबाच पितात, सगळ्यांच्या देखत, मोठ्या ऐटीत.

"बाबा, ते तेल आहे ना... त्यानं लोखंडाला पाणी लागतच नाही. मग काही गाळलंच जात नाही. जसं येतं तसंच पुढे जातं."

त्यांनी नळाकडे पाहिलं. बादली भरत आली होती.

"म्हणजे महिनाभर," ते हळूच म्हणाले, काकूंना ऐकू जाऊ नये इतकं हळू, "मी सगळ्यांना तेच पाजलं?"

हो म्हणायचं. सोपं होतं, खरं होतं, मघाशी तर ती ते ओरडूनच म्हणणार होती. नळ बंद करायचा, काकूंच्या हातातून बादली घ्यायची, घरोघर जाऊन सांगायचं, नवा कीस आणायचा — हे सगळं करायचंच होतं आणि ती करणारही होती. पण नाही हो बाबा, तसं काही नाही, हे धडधडीत खोटं जिभेवर येऊन बसलं होतं. ते बाबांच्या तोंडाकडे पाहून आलं होतं आणि परत जायला तयार नव्हतं. मघाचा तो राग कुठे गेला? तिनं तो आत शोधला — प्रयोगशाळेतल्या बाई, पंपवाला, वाळू, खाटेचं चाक... एकही उपयोगी पडेना. राग असता तर बोलता आलं असतं.