माहेरची रेती

छत दाखवायला सांगितलं होतं. कौसाबाईंनी बोट केलं ते सुनेकडे.

"हिला विचार. एका बादलीचं काम असलं की ही वरच्या मोरीत चार ओतायची. त्यानंच सडला माझा स्लॅब."

तपासणीला आलेली चैत्राली शिडी उघडत होती. घर घेणाऱ्या शंकररावांनी तिला पाठवलं होतं. तिचा रिपोर्ट हातात पडल्याशिवाय ते अंबरनाथच्या या घराचा सौदा पक्का करणार नव्हते. दाराशी उन्नती उभी होती. पाच वर्षांपूर्वी ती आणि तिचा नवरा अमित इथून बदलापूरला भाड्याच्या खोलीत राहायला गेले. त्यानंतर या स्वयंपाकघरात ती आजच येत होती. घर आता मायलेकांच्या नावावर, आणि अमितची आनंदनगरच्या कारखान्यात फर्स्ट शिफ्ट, म्हणून घराचे कागद घेऊन ती आली. सासूच्या बोलण्यावर तिने फक्त ओढणी दुसऱ्या खांद्यावर घेतली.

चैत्रालीने हातोडीने छत ठोकलं. आवाज पोकळ आला. जरा पलीकडे ठोकलं तसं गिलाव्याचं ढेपळ सुटून शेगडीपाशी पडलं आणि आतली सळई दिसली. लाल, पापुद्रे सुटलेली.

"बघ हिचे प्रताप," कौसाबाई म्हणाल्या.

"आजी, वरची मोरी दाखवा."

मोरीत चैत्रालीने पाणी सोडलं. ते तुंबवून अर्धा तास थांबली, मग खाली येऊन छताला ओलावा मोजायचं मशीन लावलं. कौसाबाई गुडघ्यावर हात टेकत तिच्यामागे चढल्या, उतरल्या. पाहुणीला चहा उन्नतीने केला. साखरेचा डबा कुठे असतो ते तिला विचारावं लागलं नाही.

"मोरी गळत नाही, आजी."

"आता गळत नसेल. पाच वर्षं कुणी वापरली नाही."

"पाइप जुनाच आहे, सांधे जुनेच आहेत. तेव्हा गळत असते तर आजही गळले असते. बाहेरच्या खोलीवर काय आहे?"

"झोपायची खोली. तिथं कुठलं पाणी?"

चैत्रालीने शिडी बाहेरच्या खोलीत नेली. हातोडीचा तिथेही तसाच पोकळ आवाज आला. दुसऱ्या ठोक्याला तिथेही ढेपळ पडलं, सळई तशीच निघाली. ती शिडीवरच बसली.

"रेती कुठली होती?"

कौसाबाईंची मान वर झाली. "खाडीची. माझ्या माहेरची. भावाची होडी होती आमची. या आळीत कुणाच्या घराला असली रेती नाय."

"गोड्या पाण्याने धुऊन घेतली होती ना?"

कौसाबाई खाली पडलेलं ढेपळ पायाने बाजूला सारू लागल्या.

घर बांधताना मिस्त्री रेती धुवायला टँकर मागत होता. कौसाबाई रेतीच्या ढिगावर उभ्या राहून म्हणाल्या होत्या, "आम्ही मिठागरातली माणसं. मिठातला मासा वर्षभर टिकतो, घर शंभर वर्षं टिकेल." मिस्त्रीही हसला होता. आणि पुढे प्रत्येक हळदीला, प्रत्येक बारशाला कौसाबाई ही गोष्ट सांगत आल्या. उन्नतीने तर ती पाठच केली असेल.

"मीठ सळईला आतून खातं," चैत्राली सांगत होती. "वरून वर्षानुवर्षं कळत नाही. मला रिपोर्टमध्ये कारण लिहायला लागेल. रेती धुतली होती की नाही, कुणाला माहीत असेल?"

"सासऱ्यांनी बघितलं होतं ते सगळं," उन्नती म्हणाली. "ते आता नाहीत."

कौसाबाईंनी तिच्याकडे पाहिलं. उन्नती चहाचे कप उचलत होती.

पाच वर्षांपूर्वी, सून मोरीत फार पाणी ओतते म्हणून, वरच्या नळाचा कॉक कौसाबाईंनीच बंद केला होता. आठ दिवस. उन्नतीला सातवा महिना होता. ती खालून बादली भरून न्यायची, दर तीन पायऱ्यांना भिंतीला हात लावून थांबायची. कौसाबाई जिन्याखाली पाटावर बसून कोळंबी सोलायच्या आणि मान वर करायच्या नाहीत. नवव्या दिवशी दोघांचं सामान न्यायला टेम्पो आला. तेव्हा पोटात असलेली रिद्धी आता बालवाडीत जाते, दुसऱ्यांच्या लग्नात भेटली की आजीच्या पाया पडते आणि पळते.

"लिही बाय," कौसाबाई चैत्रालीला म्हणाल्या. "रेती कौसाबाईनं आणली. धुवायची नाय, असं कौसाबाईनंच सांगितलं. मोरी गळत नव्हती, तेही लिही. मोठ्या अक्षरात लिही."

"आई, मग शंकरराव घर घेणार नाहीत," उन्नती हळूच म्हणाली.

"नको घेऊ दे."

चैत्रालीचं पेन चाललं होतं. कौसाबाई उठल्या, सुनेच्या हातातून कप काढून घेतले आणि बाजूला ठेवले. 

"मेलेल्या माणसाच्या नावावर खपवू नकोस. तुझा यात काही दोष नव्हता. एकच चुकलं तुझं, उन्नती. त्या आठ दिवसांत तू मला एकदाही उलट बोलली नाहीस. बोलली असतीस, तर मी एवढी माजले नसते."